उलटा उमटलेला मळा

सावदा, ता. रावेर
१७ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मोहिनीस,

कुंदावहिनीचे पोटभर आशीर्वाद. खरं तर मी तुझ्याहून जेमतेम एका पावसाळ्याने मोठी, पण नात्याने मोठेपण पदरात टाकलंय तर ते सोडू कशाला? इकडे घरात सगळं चाललंय तसं चाललंय. तुम्ही दोघं तिकडे ग्लासगोच्या गारठ्यात बरे असाल असं धरून चालते.

हे पाकीट हातात पडल्यावर तुझं तोंड कसं झालं असेल ते मला इथं बसून दिसतंय. तू वाट बघत होतीस मोठ्या चपट्या पार्सलाची, आणि पोस्टमनने दिलं काय, तर वहिनीचं पत्र! पार्सलाचं सांगते. आधी बाकीचं ऐकून घे, म्हणजे मलाही धीर येईल.

यंदा थंडी फार लांबली. केळीला चरका बसला, पानं पिवळी पडली, घड पाहिजे तसे भरले नाहीत. तुझे भाऊ, म्हणजे आमचे हे, रोज सकाळी मळ्यात चक्कर मारून येतात आणि चहा पिताना माझ्याकडे असं बघतात, जशी काही ही थंडी मीच धुळ्याहून माहेरची भेट म्हणून आणलीय. भरीताच्या दिवसांत माझी आई आली होती आठ दिवस. बामणोदची वांगी, कळण्याची भाकरी, सगळं झालं. तिची अहिराणी तुझ्या आबांना अर्धीच कळते आणि आबांची बोली तिला अर्धीच कळते, पण दोघांना भांडायला तेवढी पुरते. ती गेल्यावर घर एकदम गप्प झालं. आबा दोनदा म्हणाले, "तुही माय पुन्हा कवा येनार हाये?" भांडायला माणूस हवं असतं त्यांना.

तू म्हणशील, रोज व्हिडिओवर बोलतो आपण, मग हे पत्र कशाला? कारण आपल्या घरात फोन म्हणजे चव्हाट्यावरचं बोलणं. मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी आबा पुढच्या खोलीतून उत्तर देतात. त्यांचे कान अलीकडे फारच तिखट झालेत. शिवाय त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलंय की फोनवर तुला काही म्हणजे काही सांगायचं नाही. पत्राबद्दल ते काही बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

तर, चित्र मी पाठवलेलं नाही.

रागावू नकोस. तिकडे परदेशातून येऊन ठसाचित्रं करणाऱ्या बायकांचं मोठं प्रदर्शन होतंय, त्यात तुला अगदी पहिलं चित्र मांडायचंय, आता नव्याने उमटवलेलं चालणार नाही, त्या वेळचीच प्रत हवी, त्याच्या बाकीच्या प्रती कुठे गेल्या ते तुलाच ठाऊक नाही, हे सगळं तू नीट समजावून सांगितलंस. मला अभिमानच वाटला. सावद्याची पोरगी, तिकडच्या भिंतीवर तिचं नाव. मी तर तुझ्या भावांना बाजारात पाठवून बुडबुड्यांचं प्लास्टिकसुद्धा आणून ठेवलं होतं. पण तू शेवटी जे म्हणालीस ना, ते माझ्या मनातून जाईना. म्हणालीस, "आबांना विचारायची गरज नाही वहिनी. त्यांनी त्या चित्राकडे कधीच पाठ केलीय."

तू हे हसत म्हणालीस. पण मी तुला ओळखते. मागच्या खेपेला आलीस तेव्हा बॅग ठेवायच्या आधी तुझी नजर कुठे गेली ते मी पाहिलं होतं. चित्र भिंतीवर होतं, आणि त्याच भिंतीला पाठ लावून आबांची खुर्ची. पंधरा दिवस राहिलीस, आणि पंधराही दिवस आबा तसेच बसलेले. वेफर्स तळताना तू मला विचारलं होतंस, "आबा नेहमी तिथंच बसतात का गं?" मी हो म्हटलं. मला तरी तेव्हा दुसरं काय ठाऊक होतं! त्यानंतर तू चित्राचा विषयच काढला नाहीस, आणि दोन दिवस आधीच निघून गेलीस. विमानाची तारीख बदलली असं सांगितलंस. मी मान डोलावली, पण खरं काय ते दोघींनाही माहीत होतं.

तुझ्या आई गेल्या ते वर्ष मला अजून लख्ख आठवतं. तुझे तिथं राहण्याचे कागद सरकारात अडकलेले, देश सोडला तर परत पाऊल ठेवता येणार नाही असं तुला सांगितलेलं. तू फोनवर रडत होतीस आणि आबा एवढंच म्हणाले, "नको येऊ. येऊन काय करशीन?" आणि फोन ठेवला. तुला ते शब्द लागले. लागणारच. पण फोन ठेवल्यावर ते फोनच्या टेबलाला धरून किती तरी वेळ उभे होते, ते मी बघितलं, तू नाही. त्यांना बसवायला तुझ्या भावांना हाताला धरून न्यावं लागलं. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं का, मला ठाऊक नाही. नवी सून होते गं, सासऱ्याबद्दल काय बोलावं नि काय नाही, तेच कळत नव्हतं.

मग दिवाळीच्या सुमाराला तुझं चित्र आलं. नळकांड्यात गुंडाळलेलं. तू लाकडाच्या फळीवर कोरून, काळी शाई लावून कागदावर उमटवलेलं. आम्ही ते जेवणाच्या ताटांनी चारी कोपरे दाबून जमिनीवर पसरलं. मागे सातपुडा, पुढे केळी, विहीर, विहिरीकाठचा कडुनिंब, आणि बांधावरून डोक्यावर गवताचा भारा घेऊन चाललेल्या आई. चेहरा दाखवला नव्हतास, पण त्यांची ती एक हात भाऱ्याला आणि एक हात कमरेला अशी चाल! तुझे भाऊ उठून बाहेर गेले. मी पदर तोंडाला लावला.

आबांनी खूप वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हे उल्टं हाये. इहीर अशी कुठी गेली?"

खरंच होतं ते. आपल्या बांधावर सातपुड्याकडे तोंड करून उभं राहिलं की विहीर डाव्या हाताला आणि घर उजव्या हाताला, उगवतीकडे. चित्रात विहीर उजवीकडे होती. आई चालल्या होत्या त्या डावीकडे, मावळतीला. तू नंतर सांगितलंस ना, शिकवणाऱ्या बाईंनी बजावलं होतं की फळीवर आधी उलटं काढायचं मग कोरायचं, आणि तू डोळ्यांसमोर होतं तसं सरळ कोरत सुटलीस. कागद उचलल्यावर कळलं. तशीच प्रत पाठवलीस, कारण पुन्हा कोरायचं बळ नव्हतं. आम्हाला त्याचं काहीच वाटलं नाही. पण आबांचं ते "उल्टं हाये" तुझ्यापर्यंत पोचलं, आणि तेवढंच पोचलं.

चित्राला चौकट केली, पुढच्या खोलीत लावलं. त्याच महिन्यात उखर्डूनानांनी आपलं सलून नवं केलं. आबा जाऊन त्यांचा जुना मोठा आरसा विकत घेऊन आले. एवढा थोरला आरसा, कोपऱ्यात पारा उडालेला! समोरच्या भिंतीवर तो स्वतः उभं राहून ठोकून घेतला, आणि खुर्ची उचलून चित्राखाली ठेवली, आरशाकडे तोंड करून. आम्ही किती थट्टा केली त्यांची. तुझे भाऊ म्हणायचे, "आबा, आता या वयात सिनेमात जाता का?" आबा हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. रोज सकाळी चहा तिथंच, पेपर तिथंच. आम्हाला वाटायचं, एकट्या माणसाला समोर कुणीतरी बसलेलं लागतं, मग ते स्वतः का असेना.

या दिवाळीला रंगारी आले. मी आरसा काढून आतल्या खोलीत ठेवला आणि रंग झाल्यावर म्हटलं, आता ही अडगळ पुन्हा कशाला? तिथं घड्याळ लावलं. आबा मळ्यातून आले, खुर्चीवर बसले, आणि काय ओरडले म्हणतेस! "आरसा कोनं काढला? जिथी व्हता तिथी लाव!" इतक्या वर्षांत माझ्यावर आवाज चढवला नव्हता त्यांनी. मला राग आला की माझं धुळं बाहेर पडतं, तुला माहीतच आहे. मी म्हटलं, "आबा, हाई काय शे? एक आरसाकरता इतला राग?" आणि रागारागात आणून लावला. लावल्यावर सरळ झाला की नाही ते बघायला म्हणून मी त्यांच्या खुर्चीत बसले. आजवर कधी बसलेच नव्हते गं. सासऱ्याच्या खुर्चीत कोण बसतं?

मोहिनी, समोर आपला मळा होता. सरळ. विहीर डावीकडे, कडुनिंब डावीकडे, आणि आई उजवीकडे चाललेल्या, घराकडे.

आबा माझ्या बाजूला उभे होते. मग हळू आवाजात म्हणाले, "चित्रात तुही सासू घर सोडून मावयतीले चालली. आरशात पाह्यलं का घरी येते."

मी विचारलं, "मोहिनीला का नाही सांगितलं कधी?" तर म्हणाले, "काय सांगू? तुहं चित्र चुकलं, म्हनून मी आरशात पायतो, आसं सांगू? तिले वाईट नाही वाटनार?" आणि मग पुढे जे बोलले ते मी जसंच्या तसं लिहिते, कारण ते तुझं आहे. "आपल्या पोत्यावरचा ठसा नाही का? त्याच्यावर नाव उल्टं कोरा लागते, तवा सुल्टं उठते. हे तिले कोनी सांगलं नसंन आसं नाही. पन ध्यान कुठी आसंन तिचं तवा? माय गेल्ती तिची. रडत कोरलं आसंन पोरीनं."

तुला वाटत राहिलं की आबा तुझ्याकडे पाठ करून बसलेत. ते इतकी वर्षं रोज सकाळी तुझंच चित्र बघत बसले होते. तू आलीस तेव्हाही बघत होते. तू दारात उभी राहिलीस ना, तेव्हा तूही दिसली असशील त्यांना त्या आरशात.

हे मी तुला दिवाळीतच कळवणार होते. आबांनी अडवलं. म्हणाले, आता सांगून काय उपयोग. "आता" का म्हणाले, ते मला त्या दिवशी कळलं नाही. पुढे कळलं. इथवर मी पत्र भराभर लिहिलं, आता हात थांबतोय.

* * *

१९ फेब्रुवारी

मध्ये एक दिवस गेला. पापड होते म्हणून लिहिलं नाही असं म्हणेन, पण पापड झाल्यावरही वेळ होता.

आबांचे डोळे गेलेत, मोहिनी. काचबिंदू. बाजूबाजूने अंधार येत गेला आणि त्यांनी कुणाला सांगितलंच नाही. आम्हाला वाटायचं, म्हातारपण, धडपडतात. संक्रांतीच्या आधी तुझे भाऊ त्यांना जळगावला मोठ्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांमागची शीर सुकली, गेलेली नजर कशानेच परत यायची नाही. आता उजेड आणि अंधार एवढा फरक कळतो. व्हिडिओवर तुझ्याशी बोलताना ते "दिसती व माय, चांगली दिसती" म्हणतात, ते तुझ्या आवाजाकडे बघून म्हणतात. मी फोन त्यांच्या तोंडासमोर धरलेला असतो म्हणून तुला कळलं नाही. मला हे नाटक आता होत नाही.

तुला का सांगायचं नाही, तेही विचारलं मी. म्हणाले, "रडत येईन ती. अन् मी काय तिले पायनार हाये?"

तू लगेच मनाने सगळं उलटसुलट करशील, स्वतःला दोष देत बसशील, म्हणून आधीच सांगते, आबा खचलेले नाहीत. सकाळी तुझ्या भावांच्या खांद्यावर हात ठेवून मळ्यात जातात. घडाच्या फण्यांवरून बोटं फिरवतात आणि सांगतात, अजून थांबा, कडा मोडल्या नाहीत, केळ भरलं नाही. घरात दाराच्या चौकटी, पाण्याचा माठ, सगळं त्यांच्या बोटांना पाठ झालंय. मी मिठाचा डबा हलवला तर मलाच बोलणी.

पण खुर्ची तिथंच आहे. आणि सकाळचा चहा अजून आरशाकडे तोंड करूनच.

तुझा चित्रासाठी फोन आला ना, तो त्यांनी अर्थातच ऐकला होता. दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाले, "दे पाठून. मले आता त्याचा काय उपयोग? तिकडं लोकं तरी पायतीन." मी प्लास्टिक घेऊन बसले. चित्र खाली काढलं तर म्हणाले, "थांब. एकदा हात लावू दे." काचेवरून हात फिरवला. नुसती काच. मग मी मागचे खिळे काढून कागद बाहेर काढला आणि त्यांची बोटं त्यावर ठेवली. कडेपासून कडेपर्यंत त्यांनी हलक्या हाताने फिरवून पाहिलं, परत फिरवून पाहिलं. म्हणाले, "काही लागत नाही व. सपाट हाये सारं." आणि हात मांडीवर घेतला.

मी चित्र पुन्हा चौकटीत घातलं आणि भिंतीवर लावलं. मला ते पार्सलात घालवेना. पण पोळ्या लाटताना माझ्या डोक्यात एक गोष्ट आली, आणि ती आल्यापासून मला चैन नाही. म्हणून हे पत्र.

तू सांगितलं होतंस की ती फळी तुझ्याकडे अजून आहे. तुमच्या पहिल्या भाड्याच्या घरातल्या स्वयंपाकघराच्या कपाटाची, घरमालकिणीला न विचारता काढलेली. आपला पहिला मूर्खपणा म्हणून कपड्यांच्या कपाटात मागे दडवून ठेवलीय, म्हणालीस, कुणाला दाखवत नाहीस. फळीवर तर कोरलेलं आहे ना गं? बोटाला लागेल ना? केळीची पानं वर राहिली असतील, बांध लागेल, विहिरीचा काठ गोल लागेल. आणि तू सरळ कोरलंस म्हणून तर कागदावर उलटं उमटलं. म्हणजे फळीवर सगळं जिथल्या तिथं आहे. विहीर डाव्या हाताला. आई उजवीकडे, घराकडे. आबांच्या बोटाखाली त्या बरोबर घरी येतील. त्यांना आरसा लागणार नाही.

इतक्या वर्षांत जगात एकाच माणसाला उपयोगी पडेल अशी ती चूक झालीय तुझ्या हातून. तिला मूर्खपणा म्हणू नकोस.

तर आता माझा हुकूम, मोठी आहे म्हणून. चित्र हवं असेल तर पोस्टाने मिळणार नाही. स्वतः ये आणि घेऊन जा. येताना फळी घेऊन ये. प्रदर्शनाला अजून अवकाश आहे असं तूच म्हणालीस. तुझे दोन कपडे कमी आण, ते तुझ्या जुन्या ट्रंकेतून मी काढून देईन, पण फळी हातातल्या सामानात ठेव, विमानतळावरच्या हमालांना फेकायला देऊ नकोस. आणि रडत येऊ नकोस. आलीस तरी चालेल, पण दारात आवाज करून ये. "आबा, मी आले" असं मोठ्याने म्हण. मागच्या खेपेला गप्प उभी राहिलीस, तसं आता नाही चालायचं.

हे इथवर लिहिलं आणि पुढच्या खोलीतून आवाज आला, "कुंदा, काय लिहून राह्यली मघापासून?" म्हटलं ना, कान! आता खोटं काय बोलणार? मी जाऊन त्यांच्या पायाशी बसले आणि सगळं सांगितलं. डोळ्यांचं लिहिलं तेही, आरशाचं लिहिलं तेही, फळीचंही. मला वाटलं, आता बसते बोलणी. पण आबांचे दोन्ही हात खुर्चीच्या दांड्यांवर होते, ते त्यांनी उचलले आणि मांडीवर पसरून ठेवले, तळवे वर करून.

मग म्हणाले, "अजून बंद नाही केलं ना पाकीट? मग लिही. फयी घासू-पुसू नको म्हना तिले. काही नीट करू नको म्हना. जशी कोरली तशीच आन म्हना."

जशीच्या तशी आण गं.

आबांचे अन् माझे आशीर्वाद. तुझी खुर्ची आबांच्या समोर मांडलीय, आरसा काढून.

तुझी
कुंदावहिनी